सात नंबरची बेल

बेलचं बटण दाबायला केरू शिवलकराने हात पुढे केला आणि तो हात भिंतीपासून चार अंगुळं अलीकडेच थांबला. बटण साधंच होतं, पांढरं, मधोमध पिवळट पडलेलं, भोवती आधीच्या पाहुण्यांच्या हातांचा काळपट गोल उमटलेला. पण त्याच्या ध्यानात आलं, की आपण जन्मात असलं बटण कधी दाबलेलं नाही. पुसलंय. मऊ फडक्याने रोज सकाळी पितळेची बटणं पुसली आहेत, आपल्या खोल्यांतली सोळाच्या सोळा, आणि तीही न दाबता, कारण चुकून दाबलं गेलं तर आपल्याच एखाद्या सोबत्याला पळत यावं लागायचं. बत्तीस वर्षं तो तारेच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या उतारू जहाजावर फर्स्ट क्लासचा स्टुअर्ड. आणि आता, चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, अंगात तपकिरी लोकरी कोट नि पायांत पॉलिश केलेले बूट घालून तो रत्नागिरीतल्या एका लॉजच्या सात नंबरच्या खोलीत उभा होता, चक्क पाहुणा म्हणून. भर उन्हाळ्यात लोकरी कोट घालणारा अख्ख्या रत्नागिरीत तो एकटाच असेल. पण प्रवासाला कोट घालायचा म्हणजे घालायचा. घामाचं काय ते घामाने बघावं.

"काय झाला वो?" पलंगावरून राहीने विचारलं. ती पलंगाच्या अगदी कडेला बसली होती, पायाशी पिशवी, आणि पिशवीच्या बंदात एक बोट अडकवलेलं, एसटीत बसल्यासारखी. "काय नाय," केरू म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. नीट दाबलं, एकदाच, जास्त वेळ नाही. जास्त वेळ दाबणारे उतारू त्याला कधी आवडले नव्हते. मग तो खोलीच्या मधोमध, दाराकडे तोंड करून उभा राहिला. तिकडे कुठेतरी दिवा लागला असेल, कोणीतरी हातातलं टाकून उठलं असेल, कॉलर सरळ केली असेल, जिना चढायला लागलं असेल; हे सगळं त्याच्या पायांना आपोआप कळत होतं. त्याने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. त्याच्या डेकवर चाळीसच्या आत दारावर टकटक झाली नाही असं घडलं नव्हतं. दोनदा टकटक, मधे थोडा थांबा. तीनदा कधी नाही. तीनदा वाजवतात ते पोलीस. चाळीस झाले. शंभर झाले. खाली हॉलमध्ये कोणीतरी कर्ण्यावर "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" करत होता आणि त्याच्या प्रत्येक हॅलोला खिडकीची काच थरथरत होती. दोनशे झाल्यावर केरूने मोजणं सोडलं. कोणी आलं नाही.

उद्या सकाळी राहीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता, आधी उजवा काढायचा होता. राही चार-सहा महिने माणसं रंगांवरून ओळखत होती. हिरवं लुगडं आलं म्हणजे शेजारची जनी, काळी टोपी आली म्हणजे पोस्टमन, आणि तपकिरी आलं म्हणजे आपले मालक, कारण केरू घराबाहेर पडताना तो कोट चढवायचाच. मंडणगडच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव; तिथून सकाळी निघालेली एसटी घाट उतरत, चढत, दर फाट्याला थांबत रत्नागिरीला पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. रत्नागिरीला लागूनच, भाट्याला, राहीची चुलतबहीण कमळा राहायची. समुद्राजवळचं घर, पुढे माडाची सावली, मागे विहीर. तिने दोन पत्रं घालून बोलावलं होतं. पण केरूने एस. टी. स्टँडवर उतरल्यावर पिशवी खांद्याला लावली आणि जाहीर केलं, "आपण हाटेलात उतरायचं."  राही थोडी हसली होती, आणि ते हसू कशाचं आहे ते त्याला ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वीचं होतं ते.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत तिने त्याला विचारलं होतं, की तुम्ही बोटीवर करता काय? गावात कोणी म्हणे केरू बोट चालवतो, कोणी म्हणे इंजिनात कोळसा मारतो. त्याने तिला खरं ते सांगितलं. लपवण्यासारखं त्यात त्याला कधीच काही वाटलं नव्हतं. सोळा खोल्या आपल्याकडे. पलंग लावायचे, चादरीचा कोपरा असा दुमडायचा, पाकिटासारखा, की माणूस रात्रभर तळमळला तरी सुटता कामा नये. सकाळचा चहा कोणाला किती वाजता, कोणाला दूध आधी, कोणाला नंतर, साखर कोणाला किती, सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत पाठ. आणि त्यांना काही लागलं की ते बटण दाबतात, आणि मी हजर. "नुसता बटन दाबला की?" "नुसतं बटण." त्यावर ती तोंडाला पदर लावून इतकी हसली होती, की बाहेर सासू खोकली होती. आणि मग म्हणाली होती, "मंग मना पन एकदा दाबूंद्या." "देईन की," तो म्हणाला होता. "एकदा तुला अशा ठिकाणी नेईन. तू बसायचंस. बटण दाबायचंस. माणूस येईल." हे एवढंच. त्यानंतर तिने ते पुन्हा काढलं नाही आणि तो विसरला नाही. जहाज बदललं, त्याचे केस पिकले, उतारू विमानाने जायला लागले, जहाजं भंगारात गेली, तो गावी येऊन सहा वर्षं झाली, आणि ते एक राहूनच गेलं. उद्या तिच्या डोळ्यावर पट्टी बसायची. डॉक्टर चांगले होते, सगळे म्हणत होते चांगले आहेत, पण डोळ्याला सुरी लागायची ती लागायचीच. केरूने ठरवलं होतं की त्याच्या आदल्या दिवशी तिने बटण दाबायचं आणि माणूस यायचा. बाकी काही नको होतं त्याला. एवढ्यासाठी तो कमळाचं घर, माड आणि विहीर सोडून या खोलीत आला होता.

आणि खोली ही अशी. पाटीवर नावापुढे ‘डीलक्स’ लिहिलेलं. आत भिंतीला ओल, मे महिन्यातसुद्धा. नळ फिरवला तर त्याने नुसता उसासा टाकला. तांब्या होता, तो रिकामा. चादर कालच बदलली असं खाली सांगितलं होतं, पण केरूला चादर वाचता यायची. तिच्यावर किमान दोन माणसं झोपून गेली होती आणि त्यातला एक डाव्या कुशीवर झोपणारा होता. खाली हॉलमध्ये लग्न. लग्नाचं सगळं वऱ्हाड वरच्या खोल्यांत उतरलेलं, व्हरांड्यात ओले टॉवेल, दारं आपटत होती, पोरं धावत होती, आणि मधूनच बँडवाले खालच्या अंगणात आपापली वाद्यं वेगवेगळी वाजवून बघत होते. या सगळ्यातून राही त्याच्याकडे बघत होती, म्हणजे तपकिरी रंगाकडे बघत होती. "अवो," ती हळूच म्हणाली, "कमळाकडं जावया काय? अजून उजेड हाय." तिने ते त्याला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं होतं. त्याला ते थेट लागलं. "कमळाकडे कशाला?" तो म्हणाला. "माणूस येईल. लग्नाची गडबड आहे म्हणून उशीर. तू बस." त्याने तिचा हात धरला आणि पलंगाजवळच्या भिंतीवर नेऊन तिचं बोट बटणावर टेकवलं. "हे बटण. काही लागलं तर दाब. मी खाली जाऊन बघून येतो." "आनि कोन येनार?" राहीने विचारलं. "माणूस," केरू म्हणाला.

खाली काउंटरवर मॅनेजर होता, बाबू म्हणून, चाळिशीचा, बनियनवर उघडा शर्ट, समोर ट्रान्झिस्टर. तासाभरात केरू दुसऱ्यांदा येत होता, पहिल्यांदा पाण्यासाठी. "आजोबा, सांगितलं ना तुम्हाला," बाबू वर न बघता म्हणाला, "पाणी सकाळी सोडतात. माणसं सगळी हॉलमध्ये वाढायला गेलीयत. मला काय चार हात फुटलेत?" "बेल वाजवली होती," केरू म्हणाला. "वाजवली असंल." "बेल चालू आहे ना?" यावर बाबूने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो हसला, अगदी मनापासून, जणू दोघांच्या गमतीची गोष्ट होती. "चालू आहे की! म्हणून तर चिंधी कोंबलीय. ही लग्नाची पोरं सकाळपासून बटणं दाबत बसलीयत, डोकं उठलं माझं. कोण धावणार?" त्याने हनुवटीने जिन्याखाली दाखवलं. तिथे एक अरुंद पँट्री होती, आणि तिच्या दाराच्या वर लाकडी पाटी, तिच्यावर दोन ओळींत बारा लाल दिवे, खाली आकडे, आणि शेजारी घंटा. घंटेची वाटी नि तिचा ठोका यांच्यामध्ये कोणीतरी पुसायच्या फडक्याची चिंधी ठासून भरली होती. पाटीवर या क्षणी दोन दिवे आळीपाळीने लुकलुकत होते. तीन नंबर, पाच नंबर, पुन्हा तीन. घंटा त्या चिंधीत गुरगुरत होती.

केरू उभा राहून त्या घंटेकडे बघत राहिला. खोलीत नळाला पाणी नव्हतं याचं त्याला इतकं वाटलं नव्हतं, चादरीचंही नाही. हॉटेल गरीब असू शकतं, माणसं कमी असू शकतात. एकदा झांझिबारच्या अलीकडे अर्धा स्टाफ तापाने पडला होता तेव्हा त्याने दोन डेक एकट्याने सांभाळले होते, आणि उशीर झाला तिथे दारात उभं राहून माफी मागितली होती. पण घंटेच्या तोंडात बोळा! माणूस हाक मारतोय आणि आपण कानात बोळा घालून बसायचं!  हे सांगायला तो बाबूकडे वळलासुद्धा, चांगली खरमरीत दोन वाक्यं, त्यातलं एक इंग्रजीत, जिभेवर तयार होती. आणि तेवढ्यात, कुठून कोण जाणे, त्याच्या डोळ्यांसमोर आलं ते त्याच्या घराच्या ओटीवरचं दुपारचं ऊन.

बावन्न साल असेल, नाहीतर त्रेपन्न. दहा महिन्यांनी तो घरी आला होता. आल्या दिवशी त्याने आईला आणि राहीला सांगून टाकलं होतं, "इथं मी कोणाच्या हाकेला उठणार नाही. दहा महिने उठलोय. इथं मी पाहुणा." आईला त्यात कौतुकच वाटलं. मुलगा कमावता, त्याने बसूनच खावं. आणि तो बसला. त्या सुट्टीत बसला, पुढच्या प्रत्येक सुट्टीत बसला, निवृत्त होऊन आला तेव्हा कायमचा बसला. चहा हातात, पंचा हातात, आंघोळीचं पाणी काढलेलं. त्याचा त्याला अभिमान होता; सोळा खोल्यांना जे देतो ते घरी पुरेपूर वसूल करतो म्हणून तो जहाजावरच्या सोबत्यांना हसत सांगायचा. त्या दुपारी आई शेतावर गेली होती. राहीला ताप होता, हिवतापच असावा, आतल्या खोलीत ती गोधडीत कुडकुडत होती. तो ओटीवर झोपाळ्यावर आडवा. "अवो," आतून हाक आली. "वाईच पानी देता?" तो जागा होता. हाक त्याने स्वच्छ ऐकली, आणि ऐकताच त्याचे पाय जमिनीवर टेकले, सवयीने, आणि त्याच सवयीची त्याला चीड आली. का उठायचं? इथेपण का? त्याने पाय परत वर घेतले आणि डोळे मिटले. दुसऱ्यांदा हाक आली, बारीक. मग बऱ्याच वेळाने भिंतीला हात घासत कोणीतरी चालल्याचा आवाज, आणि माठावरचं झाकण, आणि तांब्या हातातून सुटून जमिनीवर पडल्याचा. तो घरंगळत लांबवर गेला होता. केरूने डोळे उघडले नाहीत. संध्याकाळी राहीने उठून त्याला चहा करून दिला आणि विचारलं, "बरी झोप लागली?" "लागली," तो म्हणाला. इतक्या वर्षांत या गोष्टीचा उच्चार कोणी केला नव्हता. तिला ते माहीतच नाही असं तो धरून चालला होता.

बाबूला सांगायची दोन वाक्यं त्याने गिळली. ती सांगण्याचा अधिकार आपल्याला किती, हा प्रश्न त्याला आवडला नाही, पण पडला खरा. त्याने कोट काढला. घडी घालून, अस्तर बाहेर करून, काउंटरवर ठेवला. आत पांढरा शुभ्र शर्ट होता. राहीने नीळ घालून धुतलेला, तिला धड दिसत नसताना. बाह्या त्याने कोपरापर्यंत दुमडल्या, दोन्हीकडे सारख्या. "काय करताय?" बाबूने विचारलं. "चहा," केरू म्हणाला. "दूध आहे का?" "आहे थोडं पातेलीत. करा काय ते, आजोबा. फक्त मागनं स्टो बंद करा." आणि बाबूने ट्रान्झिस्टर कानाजवळ नेला. केरू पँट्रीत शिरला, आणि शिरता शिरता हात वर करून त्याने घंटेच्या तोंडातली चिंधी उपटून काढली.

घंटा काय वाजली म्हणून सांगावं! चांगल्या पितळेची घंटा होती, दिवसभर कोंडून ठेवलेली. तीन नंबर. आणि केरूच्या अंगातून ती लख्ख गेली, टाचेपासून मानेपर्यंत, आणि तो वळून जिना चढायलासुद्धा लागला. चौसष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरले, पण ते मागून. आधी तो वर पोचला होता. तीन नंबरच्या दारावर दोनदा टकटक, मधे थांबा. आतलं खिदळणं एकदम बंद झालं. दार उघडलं तर जरीच्या परकरातली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, मागे आणखी दोन, तिघींची तोंडं उघडी. "काय हवंय?" केरूने विचारलं, अगदी गंभीरपणे, जसं एखाद्या मेजरच्या बायकोला विचारावं. मुलीने मागे बघितलं, पुढे बघितलं. "पाणी," ती कशीबशी म्हणाली. त्याने पँट्रीतल्या पिंपातून पाणी गाळून, ग्लास पुसून, बशीवर ठेवून तिला आणून दिलं. पिंपात पाणी होतं; काठोकाठ होतं; फक्त ते कोणी वर नेत नव्हतं. बटण दाबलं की खरोखर माणूस येतो म्हटल्यावर पोरींची मजाच संपली. त्यानंतर तीन नंबर वाजला नाही, आणि पाच नंबरही नाही.

मग त्याने स्टो पेटवला. पँट्री घाण होती, पण घाण पँट्रीला तो घाबरत नव्हता. एक ट्रे सापडला, पत्र्याचा, जाहिरातीची बाई अर्धी झिजलेली, तो घासला. एक कप बिनटवक्याचा, त्याला मिळती बशी नाही, मिळतीजुळती आहे. किटली नाही तर नाही. कप आधी गरम पाण्याने विसळून घेतला, तसा तो घ्यायचाच असतो. पत्ती मोजून. उकळी येताना जिन्याखालच्या त्या कोंदट जागेत त्याला इतकं प्रसन्न वाटायला लागलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. बाहेर बँड, बाजूला कर्णा, हॉलमध्ये पंगतीचा कालवा, आणि आपले हात मात्र एकापाठोपाठ एक, न चुकता. सहा वर्षं हे हात मांडीवर पडून होते. तो कधी स्वतःला म्हणाला नव्हता, पण तो फार चांगला स्टुअर्ड होता. कप्तान त्याला नावाने हाक मारायचे. डर्बनची एक म्हातारी दर दोन वर्षांनी यायची आणि तिकीट काढताना विचारायची, केरू आहे ना त्या डेकवर? तिला दूध नको, साखरेचे तीन खडे, त्यातला एक बशीत. नैरोबीचा व्यापारी, आलं ठेचून, साखर दीड. त्या लंगड्या डॉक्टरला बिनसाखरेचा. बत्तीस वर्षांतली माणसं त्याला त्यांच्या साखरेसकट आठवत होती. त्याने साखरेच्या डब्यात चमचा घातला, भरून वर काढला आणि तो तसाच राहिला.

राहीला किती?

त्याने आठवून बघितलं. ती चहा पिताना डोळ्यांसमोर आणायला लागला. तिचा चहा चुलीपाशी, पाठमोरी, सगळ्यांचा झाल्यावर. कपातून की वाटीतून, तेही नीट आठवेना. साखर घेते की गूळ? रेशनच्या दिवसांत साखर डब्यात असायची ती त्याच्या सुट्टीसाठी राखलेली, एवढं ठाऊक होतं. चमचा हातात धरून तो उभा होता आणि चहा उतू जायला आला तेव्हा त्याने घाईने स्टो बंद केला. ठाऊक नसलं तर काय करायचं याचा नियम होता. साखर वेगळी द्यायची, आणि विचारायचं. त्याने एका वाटीत साखर काढली, चमचा ठेवला, ट्रेवर कपाच्या उजव्या अंगाला. आणि ट्रे उचलणार तोच घंटा वाजली. एकदाच, आखूड, घाबरत घाबरत वाजली. त्याने वर पाहिलं. पाटीवर एकच दिवा लागला होता, सात नंबर.

दोनदा टकटक, मधे थांबा. "ये," राही म्हणाली. त्याने दार ढकललं. व्हरांड्यातलं पश्चिमेचं ऊन त्याच्या पाठीमागून खोलीत शिरलं आणि राहीने डोळे बारीक करून दाराकडे पाहिलं. तिला पांढरं दिसलं. पांढरं, आणि पुढे चमकणारा ट्रे. "आलास रे बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि आनंद. "मना वाटला नव्हता कोन येल. काय लागत नव्हता मना. नुसता दाबून बघितला." केरूने तोंड उघडलं आणि मिटलं. उतारू बोलत असताना मधे बोलायचं नाही, हेही त्याच्या अंगात होतं. तो पुढे आला आणि त्याने ट्रे पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला, आवाज न करता. राहीने मान तिरकी करून तो न झालेला आवाज ऐकला. "आमचे मालक असाच ठेवत असतील," ती म्हणाली. "बोटीवर होते ते. बत्तीस वर्सा. वरच्या क्लासला. घंटी वाजली की दुसरी वाजायच्या आत दारात उभे! असा मानूस नव्हता म्हनतात बोटीवर. आता खाली गेलेत तुमच्या मॅनेजरला बघायला. तू नको हं सांगूस त्यांना मी बटन दाबला तो."  खाली बँडने एकदाचा सगळ्यांनी मिळून सूर धरला होता. उद्याचं तिच्या मनात असावं, कारण तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग ते बोटाला गुंडाळत बसली. ओळखीच्या माणसाला सांगता येत नाही ते अनोळखी पांढऱ्या रंगाला सांगता येत असावं. "घरात कधी उठले नाय ते," ती म्हणाली. "मी पन कधी सांगितला नाय. एकदा तापात पानी मागितला होता. जागे होते. झोपाळ्याची कडी वाजत होती ना. निजलेल्या मानसाचा झोपाळा हलत नाय. मी मनात म्हटला, ऱ्हाऊंद्या. दहा म्हयने लोकांच्या घंटीला धावून आलेत. त्यांना वाटतंय मना ठाऊक नाय." आणि ती हसली, तेच ते पस्तीस वर्षांपूर्वीचं, पदर तोंडाला लावून. "असूंदे. ठेव तू चहा. जा."

केरूने कप उचलला. मादागास्करच्या बाजूला जहाज आडवं होई, उतारू कठड्याला धरून ओकत, तेव्हासुद्धा त्याच्या हातातला कप कधी वाजला नव्हता. आता बशीवर कप वाजला, दोनदा. त्याला वाटलं, जावं. ट्रे ठेवून पांढऱ्याचा पांढरा बाहेर निघून जावं, खालून कोट चढवावा, तपकिरी होऊन परत यावं आणि म्हणावं, "आला होता ना माणूस? मी म्हटलं नव्हतं?" ते सगळ्यांत सोपं होतं. तिचं सांगणंही तिच्यापाशी राहिलं असतं आणि त्याचा झोपाळाही त्याच्यापाशी. पण वाटीत साखर होती. आणि न विचारता चहा देऊन निघून जाणारा स्टुअर्ड तो नव्हता. कोणाच्याही खोलीत नव्हता.

"साखर किती?" त्याने विचारलं.

राहीचं बोट पदरात थांबलं. ती दाराकडे नाही, वर, आवाज आला तिकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला आणि तिच्या हाताला त्याची दुमडलेली बाही लागली, तिने स्वतः नीळ घातलेली. तिने ती चिमटीत धरली, सोडली.  मग ती सरकून पलंगावर मागे बसली, पाय वर घेतले, पाठीशी उशी ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडून तरी काहीतरी करून घ्यायचं आहे अशी नीट ताठ बसली.

"दोन," ती म्हणाली. "आनि ढवळून द्या."

त्याने दोन चमचे घातले आणि ढवळलं, कपाच्या कडेला चमचा लागू न देता. कपाचा कान तिच्या उजव्या हाताकडे वळवून त्याने कप दिला. तिने एक घोट घेतला. दुसरा घेतला. बरा झालाय की नाही ते तिने सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. उतारूला ते विचारायचं नसतं. तो पलंगाच्या पायथ्याशी सरळ उभा होता, हात मागे, आणि त्याच्या गालांवरून काय ओघळत होतं ते तिला दिसण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने पुसलं नाही. अर्धा कप झाल्यावर राहीने डाव्या हाताने भिंत चाचपली. ओलसर पोपडे, खिळ्याचं भोक, मग बटण. समोर तो उभा असताना तिने ते दाबलं. या वेळी घाबरत नाही. चांगलं, भरपूर वेळ दाबलं. खाली जिन्याजवळ, बँडच्या नि कर्ण्याच्या वरताण, घंटा खणखणीत वाजली.

"आलो," केरू म्हणाला.